सवतीची तार

सांगलीच्या धातुभौतिकी संस्थेत पेट्रोलवर चालणारी गाडी पूर्वी कधी शिरली नव्हती. आज शिरली तीही स्वतःच्या पायांनी नव्हे, मालवाहू यंत्रमानवाने ढकलत आणली म्हणून. १९७४ सालची ही पांढरी गाडी दिगंबर राजोपाध्ये यांची. ते भूगोलाचे मास्तर. त्यांच्या पत्नी डॉ. उर्मिला या संस्थेच्या संचालक, आणि त्या गाडीला सवत म्हणत. दिगंबरराव रुसले की जेवणाच्या वेळी गाडीत जाऊन बसत. मग त्यांना तिथून उठवून आणणं हा घरातला ठरलेला कार्यक्रम होता.

सहा वर्षांपूर्वी ते गाडीतच गेले. त्या दिवशी कोल्हापुरात उर्मिलाबाईंच्या शोधाचा गौरव होता. सकाळी दोघांचं वाजलं. संस्थेच्या चालकविरहित गाडीतून सोबत चल, असा बाईंचा आग्रह. तू पुढे हो, मी माझ्या गाडीने येतो, असा त्यांचा हट्ट. तुला माझ्या कामापेक्षा ती सवत प्यारी, असं म्हणून बाई निघाल्या. सभागृहात पहिल्या रांगेतली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. घरी परतल्या तेव्हा दिगंबरराव गाडीत होते, हृदय थांबलेलं. यायला निघाले होते, की रुसून बसले होते? अंगातला पांढरा सदरा रोजचाच, त्यावरून काही कळेना. हा प्रश्न बाईंना सहा वर्षं कुरतडत होता.

आता गाडी संग्रहालयाला द्यायची होती आणि त्यांना चालती गाडी हवी होती. संस्थेचे विद्युत अभियंता इलियास बागवान यांना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी नवी बॅटरी बसवली. दिवे लख्ख लागले, हॉर्न वाजला, पण चावी फिरवली की नुसती शांतता. स्टार्टरला थेट बॅटरी जोडली तर तो गरगर फिरला. म्हणजे दोष चावी आणि स्टार्टर यांच्यामधल्या तारेत. इलियासनी चाचणीचा दिवा चावीपाशी धरला, तो झगझगीत पेटला. तारेच्या दुसऱ्या टोकाशी मात्र नुसता मिणमिणला. तार तुटली नव्हती, पण वाटेत कुठेतरी विद्युतधारा अडत होती. सगळीच तार बदलून टाकू, असं ते म्हणाले.

"आधी मला ती वाचू दे," उर्मिलाबाई म्हणाल्या.

त्यांचा शोध हाच होता: धारास्मृती. इलियासना तो नुसता ऐकून माहीत होता, म्हणून बाईंनी समजावून सांगितलं. तांब्यातून धारा गेली की त्याच्या स्फटिककणांवर वळ उठतो. प्रत्येक वेळेचा वेगळा, जुन्यावर नवा. तार हळूहळू तापवली की शेवटचा वळ आधी सुटतो आणि स्मृतिवाचक तो टिपतो. पण सुटला तो तारेवरून कायमचा पुसला जातो.

"म्हणजे एकदाच वाचता येतं," इलियास म्हणाले. "म्हणून इतकी वर्षं थांबलात, ताई?"

"भीती वाटायची. तारेत काहीच निघालं नाही तर?"

इलियासनी चावीजवळची वीतभर तार कापून स्मृतिवाचकात ठेवली. पडद्यावर रेषा उमटू लागल्या. सर्वांत वर इलियासच्या चाचण्यांचे मोजके वळ होते. त्यांच्याखाली, म्हणजे दिगंबररावांच्या अखेरच्या दिवशीचे, ठेंगणे वळ होते. क्षीण धारा, एकामागून एक. शेवटचा मात्र लांबलचक. चावी फिरवून कोणीतरी ती बराच वेळ तशीच धरून ठेवली होती.

उर्मिलाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. दिगंबर निघाला होता. पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता, गाडी दाद देत नव्हती. त्या रडल्या, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना जरा हलकं वाटलं.

यंत्र खालचे थर वाचत होतं. जुने वळ उंच, जोमदार होते. मग अचानक पडद्यावर अक्षरं आली: संदर्भ-तुकड्याशी फरक शून्य.

"यंत्र बिघडलं," इलियास म्हणाले. "स्वतःचाच संदर्भ वाचतंय."

संदर्भ-तुकडा म्हणजे ज्या तारेवर बाईंना धारास्मृती पहिल्यांदा सापडली, तो तुकडा. त्यांना वर्षानुवर्षं वापरलेली तार हवी होती आणि कुठे मिळत नव्हती. दिगंबररावांनी एके दिवशी ती आणून दिली, भंगारबाजारात मिळाली म्हणून. यंत्र प्रत्येक वाचन त्या तुकड्याच्या साठवलेल्या नोंदीशी ताडून बघत असे. दोन तारांचं आयुष्य कधी सारखं नसतं, त्यामुळे फरक शून्य आजवर कधीच आला नव्हता. एकाच तारेचे दोन तुकडे असतील तर मात्र तसंच यायला हवं, कारण दोन्हींतून तीच धारा गेलेली असते.

बाईंनी गाडीकडे बोट दाखवलं. इलियासनी डॅशबोर्डखाली हात घालून उरलेली तार बाहेर ओढली. मधला वीतभर भाग कोणीतरी आधीच कापून घेतला होता. तिथे आकाशकंदिलाची बारीक वायर होती, हाताने पीळ मारून जोडलेली. पिळाचं तांबं हिरवं पडलं होतं.

"यामुळेच अडली," इलियास हळूच म्हणाले. "सुरुवातीला चालली असेल. पीळ गंजत गेला तशी धारा कमी होत गेली. दिगंबररावांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर मी घेतली नसती. ते त्याला माहीत होतं."

इलियासनी नवी तार जोडली आणि स्वतः चावी फिरवायला निघाले. उर्मिलाबाईंनी त्यांना थांबवलं. दिगंबरराव बसत त्याच जागी त्या बसल्या आणि त्यांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

त्यांनी इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं. बंद केल्यावर म्हणाल्या, "कोल्हापूरच्या भाषणात मी त्या भंगारवाल्याचे आभार मानले होते, इलियास. रिकाम्या खुर्चीकडे बघून, मुद्दाम. दिगंबरचं नावसुद्धा घेतलं नाही."