दोन चमचे, न सांगता

सकाळी पावणेसातला, आभाळ लख्ख निळं असताना, डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत दोन मिलिमीटर पाऊस पडला. तो भिंगरीने पाडला.

झालं असं की आठ किलोमीटरचा चढ सायकलवर चढून ती वर पोचली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. उघड्या फाटकातून आत एक नळ दिसला. नळापर्यंत पाय पोचेनात, म्हणून वाटेत हाताला लागलं ते धरलं आणि बाटलीतलं उरलंसुरलं पाणी डोक्यावर ओतलं.

"जरा बाजूला होता का?" मागून आवाज आला. "तुम्ही माझ्या पावसावर उभ्या आहात."

तिने वळून पाहिलं. एक तरुण उभा होता. हातात वही, कानावर पेन्सिल, चेहरा कमालीचा गंभीर. आणि तिने ज्याचा आधार घेतला होता ते पाऊस मोजायचं भांडं होतं.

"सॉरी… पुसून देऊ?"

"पाऊस पुसत नाहीत. आता शेरा लिहावा लागेल, सायकलवाली बाई पडल्यामुळे दोन मिलिमीटर."

"मी पडले नाहीये."

"पडाल असं दिसतंय. बसा आधी."

भिंगरी बसली. आता हिला कुणी बस म्हणावं आणि हिने बसावं, हे घरच्यांनी पाहिलं असतं तर त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसला नसता. एका जागी पाच मिनिटं टिकत नाही, म्हणूनच तर आत्याने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आणि हा वेधशाळेतला निरीक्षक. वारा, ऊन, पाऊस ठरल्या वेळी मोजायचा आणि जसा असेल तसा लिहायचा, एवढीच त्याची नोकरी. आकडा वाढवायचा नाही की कमी करायचा नाही.

भिंगरीच्या डोक्यात मात्र एकच आकडा होता, पंचाहत्तर मिनिटं. हाच डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, आणि पंचाहत्तर मिनिटांच्या आत संपवायचं, तर सायकल-शर्यतीच्या संघात निवड. चाचणी तीन आठवड्यांवर आली होती आणि वयाच्या अटीमुळे तिला ही शेवटचीच संधी होती. पहिला चढ ती झोकात एकतीस मिनिटांत मारायची. दुसऱ्या चढाला पाय जे जड व्हायचे, ते छत्तीस मिनिटं झाली तरी माथा काही येत नसे.

त्यात साखर बंद. कोच सरांनी अडीच महिन्यांपूर्वी एवढेच दोन शब्द उच्चारले होते. बोलण्याच्या बाबतीत सर पहिल्यापासून चिकट. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. चहातली साखर गेली, जॅम गेला, केळी गेली, खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून दुकानदाराला परत गेलं. "एक दिवस आरशात बघशील, गोड दिसतेयस असं वाटेल, आणि आरसा बंद करशील," आत्या म्हणायची. भिंगरी हसायची नाही. तिला हल्ली कशावरच हसू येत नसे. पुस्तक उघडलं की मिटावंसं वाटायचं, मिटलं की उघडावंसं. नुसती चिडचिड, नुसती घालमेल.

त्या सकाळनंतर पहिला चढ संपला की ती त्या नळावर बाटली भरू लागली. अर्धा मिनिट, फार तर पाऊण. तो फाटकाशी उभा असायचा, अगदी योगायोगाने, रोज.

"तुमचे हात थरथरतात," एकदा तो म्हणाला.

"थंडीने."

"थंडी नाहीये. आत्ताच मोजलीय."

"सगळंच मोजता का हो तुम्ही?"

"सगळं नाही…" तो छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्याकडे बघत राहिला. "उद्या पाण्यात लिंबू-मीठ घालून ठेवतो. चालेल ना?"

चालेल, पण साखर नको, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने भरलेली बाटली पुढे केली, तिने पहिला घोट घेतला आणि ती थबकली. लिंबू होतं. मीठ होतं. आणि साखर होती, मोजून दोन चमचे. पंचाहत्तर दिवस उपाशी राहिलेल्या जिभेला कोण फसवणार? खरं म्हणजे तिने तो घोट तिथेच थुंकायला हवा होता. तो मान वळवून उभा होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

ती प्यायली. दुसरा चढ तेहतीस मिनिटांत संपला.

मग रोजच. तो सांगेना आणि ती विचारीना. विचारलं तर तो घालायचं थांबवेल, आणि थांबवलं तर नळाशी रेंगाळायला कारण काय उरणार? शिवाय आपल्या थरथरत्या हातांकडे कुणीतरी बघतं, घरी जाऊन त्याचा विचार करतं, हे तिला फार फार आवडलं होतं. घड्याळातले आकडे उतरत होते, आणि घालमेल दुप्पट झाली होती. तिची न सुटलेली साखर आणि तो, दोघंही तिला दिवसभर छळत होते.

चाचणीला पाच दिवस उरले असताना तोच बोलला.

"मला एक कबूल करायचंय. पाण्यात मी साखर घालत होतो. तुम्ही घेत नाही हे माहीत असून. मी आजवर एक आकडा खोटा लिहिला नाही, आणि तुम्हाला मात्र… माफ करा."

खरं बोलायची हीच वेळ होती. पण भिंगरी गडबडली, आणि गडबडली की ती भांडते.

"माझ्या इतक्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंत तुम्ही," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता उतारावर सुटली.

दुसऱ्या दिवशी साधं पाणी. दुसऱ्या चढाला पुन्हा छत्तीस मिनिटं.

"बाटलीत काय घेतेस?" सरांनी विचारलं.

"पाणी. तुम्हीच म्हणालात, साखर बंद."

सरांनी कपाळावर हात मारला. "अगं, ताटातली बंद. सायकलवरची कोण बंद करतं? दोन चमचे टाकत जा. आणि चाचणीला वर बाटली कोण देणार?"

"आहे एकजण," ती म्हणाली. त्या एकजणाला अजून विचारायचं होतं.

म्हणजे तो बरोबरच होता. हे कळल्यावर तिला जेवण गेलं नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी ती वर गेली.

"उद्या रस्त्यावर माझी बाटली घेऊन उभे राहाल?"

"घरच्या कुणाला तरी सांगा," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या हातचं पाणी तुम्ही विश्वासाने प्यावं, असं मी काही शिल्लक ठेवलं नाही."

"मुळात मला…" तिने तोंड उघडलं. मिटलं. "तुमचा नळ गळतोय," असं म्हणून ती खाली आली आणि वाटभर स्वतःला शिव्या घालत राहिली. आत्याला मात्र तिने सांगितलं नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

चाचणीच्या सकाळी पहिला चढ एकतीस मिनिटांत झाला. माथ्यावर बाटल्या धरलेले हात पुढे झाले, बाकीच्या मुली चालत्या सायकलवरून बाटल्या उचलून वळल्या. भिंगरीसाठी हात नव्हता. कुंपणाआड तो पाठमोरा उभा होता.

तिने करकचून ब्रेक दाबला.

"अहो."

तो दचकून वळला. "थांबलात काय? घड्याळ चालू आहे तुमचं."

"मला कळलं होतं. साखर. पहिल्याच घोटाला."

"काय?"

"कळूनसुद्धा रोज प्यायले. तुम्ही नाही फसवलंत, मीच फसवलं तुम्हाला. भांडले तेही खोटं. बोलले नाही, कारण…" तिचा श्वास संपला. "बाटली भरता का?"

तो धावला. लिंबू आत तयारच होतं, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. "दोन चमचे आहेत," बाटली देताना त्याने स्पष्ट सांगितलं. "सांगून घातलेत."

ती सुटली.

दुसऱ्या चढावर ती रडली, हसली, एकदा चक्क ओरडली, पण पाय थांबले नाहीत. माथ्यावर सर घड्याळ धरून उभे होते.

"चौऱ्याहत्तर मिनिटं, बावन्न सेकंद. निवड झाली." मग भुवई चढली. "कुंपणापाशी चाळीस सेकंद काय करत होतीस?"

"खरं बोलत होते, सर."

"ते नंतर बोलता आलं नसतं?"

"नसतं," ती म्हणाली.

तो फाटकापाशी उभा होता. पाय लटपटत असताना ती तिथवर गेली, आणि या वेळी तिने कशाचाच आधार घेतला नाही.

"ते… 'कारण'च्या पुढे काय होतं?" त्याने विचारलं.

"कारण मला तुम्ही आवडता."

त्याने कानावरची पेन्सिल काढली. तिला वाटलं, आता हा हे वहीत लिहितोय की काय.

"मलाही," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. नक्की सांगतो."

"पण परवापासून शिबिर आहे. चार महिने. लांब आहे हो."

"रविवारी सुट्टी?"

"अर्धा दिवस."

"इथून तिकडे पहिली बस किती वाजता असते?"

"पहाटे पाचला."

"मला लवकर उठायची सवय आहे," तो म्हणाला.