कुमुदाचा देठ

रजिताला अकरा वर्षांनी भाऊ झाला, त्या वर्षीच्या ओणमच्या सुट्टीतली ही गोष्ट. बाळ जेमतेम बारा दिवसांचं होतं. बाबा आखातात नोकरीला, आई बाळंतिणीच्या खोलीत, आणि घर कालव्याच्या बांधाला अगदी खेटून, भातशेताच्या कडेच्या उंचवट्यावर.

“आज फुलं मी तोडणार! मागच्या वर्षी तू निम्मी चिखलात पाडलीस!” रजिताचा मित्र आंटप्पन पुढे पळत ओरडला.

“पळ, पळ! पडलास म्हणजे कळेल!” त्यांची मैत्रीण फसीला म्हणाली.

अंगणातल्या फुलांच्या रांगोळीला पांढरी कुमुदं हवी होती. तिघंही शेताच्या टोकाला पोचली आणि थबकली. पावसाळाभर समुद्रासारखं भरलेलं शेत रिकामं होतं! पाण्यावर डुलणारी कुमुदं चिखलावर आडवी पडली होती.

“मी नाही हं प्यायलो!” आंटप्पन म्हणाला. पण कुणी हसलं नाही.

रजितानं एक कुमुद मुळापासून उपटलं. देठ संपेचना! आंटप्पननं एक टोक पायाखाली धरलं, दुसरं हात उंच करून धरलं, तरी वर उरलंच.

“देठ आहे की विहिरीचा दोर?” फसीला म्हणाली.

“पाणी तर ओणमनंतर दोन महिन्यांनी उपसतात, पेरणीआधी,” रजिता पुटपुटली. “आत्ताच कुणी उपसलं?”

वाचनालयाच्या कर्ण्यावर सकाळपासून ओणमची गाणी चालली होती. इतक्या मोठ्यानं, की एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. कर्णा यंदा एका कंपनीनं भेट दिला होता. त्याच कंपनीला या शेतांवर मोठा बिझनेस पार्क बांधायचा होता, आणि त्यानं पाण्याचं काय होईल, ते पाहायला नगरसभेची माणसं उद्या येणार होती.

तेवढ्यात वीज गेली. गाणं मध्येच तुटलं, आणि त्या शांततेत केवड्याच्या बनामागून आवाज आला. धडधड, धडधड, धडधड!

“पंप!” फसीलानं रजिताचा हात घट्ट पकडला. “डिझेलचा. म्हणून कर्णा दिला होय!”

वाकून वाकून तिघं बनापर्यंत गेली. ताडपत्रीखाली पंप धडधडत होता, आणि शेताचं उरलंसुरलं पाणी कालव्यात फेकत होता. रजिता बांधावर चढली. बांधापलीकडे कालवा काठोकाठ भरलेला. अलीकडे नुसता खड्डा. दर पावसाळ्यात, कालवा भरलेला असेपर्यंत, दोन्हीकडचं पाणी बांधाला सावरून धरायचं. आता सगळा भार एकाच बाजूनं! एका उंदराच्या बिळातून पाण्याची करंगळीएवढी धार गळत होती. बांध फुटला असता, तर लोंढ्याच्या वाटेत पहिलं घर तिचंच होतं.

“ए पोरी!” मागून कुणीतरी मनगट धरलं. पंपावरचा सुकुमारन होता. “बोंबलू नकोस. उद्या मोठी माणसं बघून गेली की पाणी परत सोडतो. एका दिवसाचा तर प्रश्न!”

“बांध फुटला तर?”

“काही फुटत नाही! घरी जा!”

रजिता हिसडा देऊन पळाली ती थेट आजोबांपाशी, वेलायुधन अप्पूप्पनपाशी. अप्पूप्पन चाळीस वर्षं या शेतांचे पंप चालवून थकले होते. गुडघे वाकत नव्हते. तिचं ऐकून त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

“धार गढूळ होती की स्वच्छ, मोळे, माझ्या पोरी?”

“स्वच्छ.”

“मग अजून वेळ आहे. गढूळ झाली, की बांधाची माती निघाली म्हणून समज.”

ते सुकुमारनकडे गेले, हात जोडले. त्यानं हाकलून दिलं. रजितानं त्या रात्री बाळाच्या पाळण्याची दोरी हातातून सोडली नाही.

सकाळी कर्ण्याच्या गदारोळातच माणसं आली. पुढे नगराध्यक्षा मेरी टीचर, मागे कंपनीचे साहेब अहवाल उघडून.

“बघा टीचर, ऐन पावसाळ्यातही कोरडं! इथे घोट्याच्या वर पाणी कधीच नसतं.”

  रजिता कालचं कुमुद घेऊन पुढे झाली.

“टीचर, या साहेबांना जरा ताठ उभं राहायला सांगा.”

“का गं?”

तिनं कुमुदाचं मूळ साहेबांच्या बुटाशी ठेवलं. आंटप्पन खांद्यावर देठ घेऊन बांधाचा उतार चढला. फूल साहेबांच्या डोक्याच्याही वर गेलं!

“कुमुद पाण्यावर फुलतं, टीचर. देठ पाण्याएवढाच वाढतो. हा काल इथूनच उपटला.”

मेरी टीचरांनी देठाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. “म्हणजे साहेब, तुमचा घोटा इथवर येतो?”

“रजिता! धार गढूळ झाली!” बांधावरून फसीलाची किंकाळी आली.

“पंप बंद करा!” अप्पूप्पन काठी आपटत ओरडले. “बांधातलं दार उघडा! शेतात पाणी घ्या, दोन्हीकडचं सारखं करा! आई-बाळाला घराबाहेर काढा!”

मेरी टीचर स्वतः घराकडे धावल्या. अप्पूप्पनना वाकता येईना. तिघं पोरं बांधाच्या दारात उतरली, जिथे आडव्या फळ्या कालव्याचं पाणी अडवून धरत.

“वरची फळी आधी! एकेक! घाई केलीत तर दारच वाहून जाईल!” ते वरून सांगत होते.

फळी ओली, बुळबुळीत. रजिताची नखं सोलली. पाणी गुडघ्याला, मग कमरेला लागलं. एक फळी, दुसरी, तिसरी... बिळाजवळचा मातीचा मोठा लगदा धप्पकन कोसळला! रजितानं डोळे मिटले.

“थांबलं!” आंटप्पन ओरडला. “धार थांबली गं!”

तिनं डोळे उघडले. कोसळलेल्या मातीनं बीळ बुजलं होतं, आणि शेतात पसरणारं पाणी बांधाला पुन्हा सावरून धरत होतं. घरापासून दूर, रस्त्यावर मेरी टीचर बाळाला छातीशी धरून उभ्या होत्या, आणि बाळ सगळ्या गावाला ऐकू जाईल असं रडत होतं.

ओणमनंतरच्या बैठकीत नगरसभेनं अहवाल परत पाठवला. पूर्ण एक पावसाळा मोजमाप होईपर्यंत एक वीटही रचायची नाही, असं ठरलं. तो वाळका देठ टेबलावर ठेवून मेरी टीचर म्हणाल्या, “आम्ही मोठ्यांनी पाहायचं, ते या तिघांनी पाहिलं. शाब्बास!”

 घरी येऊन अप्पूप्पननी पंपघराची जुनी किल्ली रजिताच्या हातात ठेवली.

पुढच्या वर्षी विषूच्या, मल्याळी नववर्षाच्या, दुसऱ्या दिवशी, दुपारी, वेलायुधन अप्पूप्पन वारले. तेव्हा बाळ आठ महिन्यांचं होतं, आणि किल्ली रजितापाशीच होती.