उलटवलेलं कापड

"हा कोट कुणाचा आहे?"

मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा तो करडा कोट ताईच्या धाकट्या भावानं दोन बोटांत कॉलरला धरून उंच केला होता. टेबलावर चहा निवत होता, त्याची लेक केस विंचरता विंचरता थांबली होती, आणि ताई सकाळपासून ज्याला भीत होती तेच समोर आलं होतं. आज पोरीचा पदवीदान समारंभ! आईविना वाढलेली पोर... ताईनंच न्हाऊमाखू घालून मोठी केलेली. आणि आजच्याच दिवशी हे व्हायचं होतं!

"माझा आहे, बाबा," लेक म्हणाली.

"तुझा? मग खिशाच्या आत ही कुणा परक्याच्या नावाची अक्षरं कशी भरलेली आहेत?"

"जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलाय. किती सुंदर लोकर आहे बघा ना! माझ्या सगळ्या मैत्रिणी तिथूनच घेतात. नवं कोण घेतं आता?"

नवं कोण घेतं आता! ज्या माणसाचं शहरातल्या मुख्य रस्त्यावर दोन मजली तयार कपड्यांचं दुकान होतं, जो गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा, "आम्ही मुळातच नव्याची माणसं, आमच्या घराण्यात कुणी उतरलेलं कापड अंगाला लावलेलं नाही," त्याच्या पोटच्या पोरीनं हे बोलावं! धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं कोटाची शिवण निरखली, अस्तर उलटून पाहिलं, आणि त्याची नजर हळूहळू ताईकडे वळली.

"हे टाके मी ओळखतो. हा तू उलटवून शिवलास?"

ताईनं नुसती मान हलवली.

"वाटलंच होतं मला! तुझी ती जन्माची हौस अजून फिटली नाही ना, ताई? त्या हौसेपायी स्वतःचं ठरलेलं लग्न घालवलंस, बाबांना मान खाली घालायला लावलीस, आणि आता माझ्या मुलीच्या अंगावर लोकांचं उतरलेलं चढवतेस? अगं, निदान या पोरीला तरी सोडायचंस!"

शब्द नव्हेत, चटकेच ते! आणि तेही नवे नव्हते. गेली छत्तीस वर्षं नातेवाइकांत, शेजारपाजारात, हसण्यावारी का होईना, ताईची ओळख हीच होती... कपड्यांची हौशी, उधळी, हौसेपायी संसार हुकलेली. त्या उधळ्या ताईच्या अंगावर दोन साध्या पोशाखांपलीकडे तिसरा कधी कुणी पाहिला नव्हता, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माणसं एकदा नाव ठेवून मोकळी झाली की पुन्हा डोळे उघडून बघायच्या भानगडीत पडत नाहीत.

ताई उठून खिडकीशी गेली, परत आली, कपबशा उचलल्या, पुन्हा ठेवल्या. हातांना चैन म्हणून पडेना. सांगून टाकावं का? आज तरी? ओठांशी आलेलं वाक्य तिनं पुन्हा गिळलं, कारण आतल्या खोलीत बाबा होते... आणि बाबांसाठीच तर सगळं होतं!

बाबा एका मोठ्या कापडाच्या पेढीत कापड मोजून देत. तागा फडकन उलगडून त्यांनी बोटं फिरवली की सूत कुठलं, वीण कशी, धुतल्यावर किती आटणार, सगळं डोळे मिटून सांगायचे. घरात खायची चणचण असली तरी वर्षाला प्रत्येकाला एक कपडा, पण कोरा! "ज्याच्या हातून रोज शंभर हात नवं कापड जातं," ते म्हणायचे, "त्याच्या लेकरांनी दुसऱ्याच्या घामाचं उतरलेलं घालायचं? उपाशी राहू, पण ते नाही." त्यांच्यापाशी मिरवायला दुसरं होतं तरी काय? हा एवढाच त्यांचा मान होता, आणि तो त्यांनी मुलांच्या अंगावर घातला होता.

मग एके दिवशी गोदामात ताग्यांची थप्पी कोसळली आणि बाबांचं कंबरडं मोडलं. आई आधीच गेलेली. ताई एकोणीस वर्षांची, धाकटा आठ. दोन वर्षं बाबा अंथरुणाला खिळले, धाकट्याचे हातपाय भराभर वाढू लागले, थंडी तोंडावर आली, आणि कोरं कापड घरात यायची वाटच बंद झाली.

नदीपलीकडच्या पेठेत जुन्या कपड्यांचा एक व्यापारी होता. घरी कारखान्यात जाते असं सांगून ताई त्याच्याकडे दिवसभर फाटकं शिवायची, आणि थोड्या मजुरीच्या बदल्यात कपडे मागून घ्यायची. ते घरी आणून, दार लावून, एकेक शिवण उसवायची. बाहेरची बाजू झिजलेली, विटलेली असायची. आतली मात्र जशीच्या तशी! कापड उलटवायचं, आतली बाजू बाहेर घ्यायची, धुऊन, कडक इस्त्री करून धाकट्याच्या मापानं पुन्हा कापायचं. सकाळी घडी बाबांच्या पलंगावर ठेवून ती सांगायची, "कारखान्यातले उरलेले तुकडे मिळाले, बाबा. कोरे आहेत." बाबा घडीवरून बोटं फिरवायचे, क्षणभर थांबायचे, आणि म्हणायचे, "छान आहे." धाकटा तो कोट घालून शाळेत ऐटीत जायचा. सात वर्षं! सात वर्षं त्या पोरानं कोरं म्हणून जे जे घातलं, ते ते कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं होतं.

ताईला स्थळ आलं ते याच दिवसांत. भला माणूस होता, घड्याळं दुरुस्त करायचा. ताईला तो मनापासून आवडला होता. लग्न ठरलं. आणि महिन्याभरावर आलं असताना त्याची मोठी काकू घरी आली ती थेट विचारतच, "तुमची मुलगी त्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून बोचकं घेऊन बाहेर पडताना मी दोनदा पाहिली. तुमच्याकडे उतरलेलं वापरतात का हो?"

बाबा नुकते काठीच्या आधारानं बसायला लागले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ताईनं तो चेहरा पाहिला... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ते माझ्यासाठी होतं. मला हौस आहे कपड्यांची. आठवड्याला एक तरी लागतो. कोरं परवडत नाही, मग लपूनछपून आणते. घरच्यांना ठाऊक नाही."

"उतरलेलं घालायचं, आणि त्यातही उधळपट्टी!" काकू उठली. बाबा तिच्यादेखत ताईवर ओरडले, "माझ्या घरात हे चालायचं नाही!" त्या दारातून ताईचं लग्नही निघून गेलं. घड्याळवाल्यानं एकदा निरोप धाडला होता, खरं काय ते सांग म्हणून. ताईनं उत्तर दिलं नाही. काय सांगणार होती?

"तो कोट घालून तू समारंभाला येणार नाहीस!" धाकट्याच्या आवाजानं ताई भानावर आली. "दुकानात चल. हवा तो कोट उचल. सगळ्यात भारी!"

"मला हाच हवाय. आत्यानं पंधरा दिवस खपून शिवलाय. तिला असं बोलणार असाल तर मी समारंभालाच जाणार नाही!"

"ऐकलंस, ताई? हे शिकवलंस तू हिला!"

"नको रे..." ताई मध्ये पडली. "पोरी, तू तो बाजूला ठेव. बापाचं ऐक. माझ्यामुळे आजचा दिवस नासवू नकोस, तुझ्या पाया पडते..."

तेवढ्यात आतल्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. आणि त्र्याऐंशी वर्षांचे बाबा भिंतीला धरत धरत दारात येऊन उभे राहिले.

"तो कोट इकडे दे," ते म्हणाले.

धाकट्यानं दिला. बाबांनी डोळे मिटले, शिवणीच्या बाजूनं अंगठा हळूहळू फिरवला आणि थांबले.

"ही बघ. जुन्या सुईच्या भोकांची ओळ. कापड उलटवलं, धुतलं, इस्त्री केली तरी ही भोकं बुजत नाहीत. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात." त्यांनी डोळे उघडले. "तुझ्या शाळेच्या प्रत्येक कोटाला ती होती. माझ्या प्रत्येक सदऱ्याला होती."

"काय बोलताय बाबा? ते तर कोरे तुकडे..."

"कोरे तुकडे! अरे, जन्मभर कापड मोजलं मी. पहिल्याच घडीला कळलं मला. पण बोललो असतो तर ते घालू द्यायचं नाही, असं म्हणावं लागलं असतं. मग तू थंडीत काय घातलं असतंस? म्हणून 'छान आहे' म्हटलं, आणि गप्प बसलो. हिनं मला फसवलं असं हिला वाटू दिलं... आणि त्या बाईसमोर हिनं सगळं स्वतःवर घेतलं, तेव्हासुद्धा गप्प बसलो. नुसता गप्प नाही बसलो, वर हिलाच ओरडलो!"

धाकटा खुर्चीवर बसला तो कोसळल्यासारखा. पण बाबा पाहत होते ते ताईकडे.

"तुम्हाला... ठाऊक होतं?" ताईनं विचारलं. "सात वर्षं मी दार लावून उसवत होते. तुमच्या कानावर कात्रीचा आवाज जाऊ नये म्हणून कात्रीला चिंधी बांधत होते! आणि तुम्हाला ठाऊक होतं? त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला असतात, बाबा... एकच! मी नको म्हटलं असतं, तुमच्या तोंडावर हात ठेवला असता. पण तुम्ही बोलायला तर हवं होतं!"

"भ्यालो, पोरी." बाबांच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी ओघळलं. "माझ्यापाशी तेवढाच मान उरला होता. तो राखायला तुला विकलं मी. मला क्षमा नको करूस. पण हे पोर तुला उधळी म्हणालं, ते ऐकल्यावर गप्प राहून मला मरवेना."

ताई तरातरा स्वयंपाकघरात गेली, तशीच परत आली. छत्तीस वर्षं जपलेलं ओझं हलकं व्हायच्या ऐवजी दुप्पट झालं होतं! ती एकटी नव्हती, तिला एकटं ठेवलं होतं. बाबांचे पाय लटपटायला लागलेले तिला दिसले. तिनं पुढे होऊन त्यांना धरलं, खुर्चीत बसवलं. त्यांनी तिचा हात कपाळाला लावला. तिनं तो काढून घेतला नाही. एवढंच त्या घडीला तिला जमलं.

"ताई..." धाकटा तिच्या पायांशी बसला होता, लहानपणी बसायचा तसा. "मी काय काय बोललो तुला! आणि तुझ्या अंगावर कधी काही नवं पाहिलंच नाही मी. दुकान माझं, आणि... चल, आत्ता चल. तुला हवं ते, दुकानातलं सगळ्यात..."

"मला काही घेऊन देऊ नकोस रे," ताई म्हणाली. "ज्या ज्या लोकांत मला उधळी म्हणालास ना, त्यांना सांग. बस."

धाकट्यानं मान खाली घातली. ताईला ते दिसलं. कोरा कोट देणं त्याला सोपं होतं; हे मात्र त्याच्या दुकानाच्या पाटीवरच घाव घालणारं होतं. "उशीर होतोय," एवढंच तो म्हणाला.

समारंभाचं सभागृह गच्च भरलं होतं. पोरगी करडा कोट घालून पुढे मुलांच्या रांगांत गेली, ताई आणि धाकटा मागच्या बाजूला बसले. तेवढ्यात चष्म्यांच्या दुकानाचा मालक समोर आला. त्याचा मुलगा पोरीच्याच वर्गात होता, आणि तो स्वतः धाकट्याच्या वर्गातला. शाळेत तो चुलतभावाचे जुने कपडे घालायचा, म्हणून धाकट्यानंच त्याचं नाव पाडलं होतं, 'उताऱ्या'. पस्तीस वर्षं झाली, केस पिकले, पण नाव काही सुटलं नव्हतं.

"काय मालक! पोरीचा कोट झकास हं. आपल्याच दुकानातला ना?"

धाकट्यानं एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"हो... म्हणजे... आपलाच."

तो हसून पुढे गेला. ताईनं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. वाईट वाटून घ्यायचं नाही, ती मनाला बजावत होती, माणूस एका सकाळीत बदलत नसतो... पण मन कसलं ऐकतंय! उठून निघून जावं, असं तिला वाटू लागलं.

बाजूची खुर्ची करकरली. धाकटा उठला होता. गर्दीतून वाट काढत तो पुढे गेला, चष्मेवाल्याचा दंड धरून त्यानं त्याला भिंतीकडे ओढलं. दोघांचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं. ताई मान वळवून वळवून बघत होती. धाकट्याचे हात हलताना दिसले, कापड उसवावं तसे, उलटवावं तसे. मग त्यानं ताईकडे बोट केलं. चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

धाकटा परत आला तेव्हा घामानं निथळत होता.

"काय सांगितलंस त्याला?"

"सगळं. तुझं लग्न का मोडलं तेसुद्धा."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, पस्तीस वर्षं मला ज्या नावानं हाका मारल्यास, ते नाव खरं तुझंच होतं की रे!"

"अगंबाई!... मग तू?"

"म्हटलं, तुझं ते मला देऊन टाक."

ताईला हसू आलं आणि त्या हसण्यातच हुंदका फुटला. तळहातांनी तिनं तोंड झाकून घेतलं. इतक्यात पुढच्या रांगेतून, भरल्या सभागृहाला ऐकू जाईल असा खणखणीत आवाज आला:

"अरे ए उताऱ्या! ताईंना घेऊन पुढे ये की! दोन खुर्च्या धरून ठेवल्यात!"

चारशे माणसांनी माना वळवल्या. धाकट्याचे कान लाल झाले. त्यानं ताईचा हात घट्ट धरला, उभा राहिला आणि तितक्याच मोठ्यानं ओरडला,

"आलो रे, आलो!"