कापशीचा डोळा

रोहिणीचं पत्र येऊन महिना होत आला, तरी यशयाने उत्तर दिलं नव्हतं. पत्र कच्छहून आलेलं. तिथल्या गवताळ रानात ती शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करायला गेली होती. 'इथे रेंज नाही,' तिने लिहिलं होतं, 'आणि असती तरी तू नुसता अंगठा पाठवला असतास. मला अजून दोन वर्षं इथेच राहा म्हणतायत. होळीपर्यंत सांगायचंय. मी जामखेडला परत यावं, असं कुणाला वाटतं का?'

कुणाला... यशया तिथेच अडकला होता. सरळ त्याचं नाव लिहिलं असतं तर! पण लिहिलं नव्हतं ना...

त्यांची ओळख झाली ती गेल्या हिवाळ्यात, जामखेडच्या टेनिस बॉल स्पर्धेत. यशया भिंगारच्या वाचनालयात ग्रंथपाल. त्याचा मित्र सुनील गावोगावचे सामने यूट्यूबवर दाखवायचा. त्याने मैदानाभोवती बांबूंना चार मोबाईल बांधले आणि यशयाला मांडवात तिसरा पंच म्हणून बसवलं. यशया प्रत्येक धावबाद पुन्हा पुन्हा मागे-पुढे करून बघायचा आणि लोक ओरडायचे, "आरं, निकाल दे की! का उद्या देतू?"

तेवढ्यात गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक मुलगी मांडवात शिरली.

"तो कडेचा बांबू हलवा."

"का... का बरं?"

"मागच्या बाभळीवर कापशीचं घरटं आहे. तिची बसायची जागा तुम्ही अडवलीय."

"कापशी म्हणजे घार?"

"घारीची धाकटी बहीण समजा. पांढरी, काळ्या खांद्यांची." तिने खुर्ची ओढली आणि बसलीच. "मला सांगा, टीव्हीवर चेंडू स्टंपांना लागला असता की नाही ते दाखवतात, त्याला हॉक-आय म्हणतात ना? ससाणा बघतो तसं बघतं ते?"

यशया खुलला. "कॅमेरे चेंडू वेगवेगळ्या बाजूंनी टिपतात. यंत्र ते सगळं जोडतं आणि चेंडू पुढे कुठे गेला असता... त्याचा अंदाज काढतं."

"अंदाज?" तिचे डोळे चमकले. "मग अगदी कापशीच! उंदीर आहे तिथे ती झेपावत नाही. तो पुढच्या क्षणी जिथे असेल, तिथे झेपावते. आणि तुम्ही?"

"मी... मी पुन्हा एकदा रिप्ले बघतो."

ती खळखळून हसली. ते हसूही मागे नेऊन पुन्हा बघता आलं असतं तर, असं यशयाला वाटून गेलं.

बांबू काही हलला नाही. "फायनल होऊ दे," सुनील म्हणाला. आणि फायनलच्या शेवटच्या चेंडूवर धावबादचं अपील झालं. यशयाने कडेचा कॅमेरा लावला, तर मोठ्या पडद्यावर एक गोल, लालभडक डोळा! कापशी मोबाईलसमोरच येऊन बसली होती.

"ह्यो घ्या खरा हॉक-आय!" मैदान हसून लोळलं. बाकीच्या कॅमेऱ्यांत तर नुसती धूळ. यशया तीच धूळ पुन्हा मागे-पुढे करून बघू लागला.

"कॅमेऱ्याचं राहू दे," रोहिणी कानाशी कुजबुजली. "तू समोरच होतास. काय दिसलं?"

"बॅट आत होती... बहुतेक."

"मग सांग की!"

"नॉट आऊट!" तो माईकवर ओरडला. अर्धं मैदान नाचलं, अर्ध्याने त्याचा उद्धार केला.

"चुकलं असेल तर गं?" त्याने संध्याकाळी विचारलं.

"असेल चुकलं," ती शेंगा सोलत म्हणाली. "पण निकाल दिलास."

आपण दोघं 'अरे-तुरे'वर आलो, हे त्याच्या ध्यानात आलं ते परतीच्या एसटीत. मग चर्च सुटलं की दर रविवारी तो जामखेडची गाडी पकडू लागला. बाभळीखाली बसून दोघं पिल्लं बघायची, वाद घालायची. पिल्लं उडाली. मग पावसाळा सरल्यावर रोहिणीही गेली. तो तिला काहीच बोलला नव्हता.

"अजून त्या पत्रातल्या चुका काढतोयस का?" आई, एलिझाबेथबाई, चहा ठेवत म्हणाली. "तुझ्या पप्पांनी मला विचारायला दोन नाताळ घालवले. तिसऱ्याला मीच केक घेऊन त्यांच्या दारात गेले. ह्या पोरीला कच्छहून केक आणायला लावू नकोस, बाबा!"

यशया लाजून घराबाहेर पडला. भिंगारबाहेरच्या माळावर एक कापशी हवेत थांबली होती. पंख फडफडत होते, पण डोकं जागचं हलत नव्हतं. एकदम ती खाली सुटली... आणि रिकाम्या पायांनी वर आली. यशयालाच ओशाळल्यासारखं झालं. कापशी मात्र थोडी पुढे जाऊन पुन्हा थांबली, पुन्हा सुटली. पुन्हा रिकामीच. तिसऱ्यांदा ती वर चढली, तेव्हा तो एकटाच मोठ्याने हसला.

तो तडक पोस्टात गेला आणि उभ्या उभ्याच लिहू लागला :

'मला वाटतं. फार वाटतं. परत ये. माझा अंदाज चुकला असेल तर तसं तोंडावर सांग, पण त्यासाठी तरी ये. आणि कापशीचा नेम इतक्यांदा चुकतो, हे तू मला कधीच कसं सांगितलं नाहीस?'

पाकीट चिकटवण्याआधी तो ते पुन्हा वाचणार, एवढ्यात पोस्टमन बाहेरची पेटी रिकामी करायला निघाला. "टाकायचंय का, सर?"

"थांबा..." यशया म्हणाला. मग त्याने पाकिटाला जीभ लावली, धावत जाऊन ते पोस्टमनच्या पिशवीत टाकलं आणि दोन्ही हात खिशात घातले.