दाराकडून ओट्याकडे

मी गेले होते दाराची कडी घ्यायला, आणि परत आले अख्ख्या स्वयंपाकघराची फरशी घेऊन!

पाडलेल्या घरांचं सामान विकणारं ते गोदाम. जुने खांब, कोरीव दारं, गंजके गज यांतून घाईघाईने वाट काढताना मी एका माणसावर आदळले. त्याच्या हातात निळ्या नक्षीची जुनी फरशी होती. ती त्याने पटकन छातीशी धरली.

"लागलं का हो?" मी ओशाळून विचारलं.

"फरशीला नाही लागलं," तो म्हणाला... आणि हसला.

आगाऊ कुठला! पण त्या हसण्याच्या भरात मी तसल्या एकशे चाळीस फरश्या घेतल्या. बसवणारा कारागीरही तोच होता.

घरी आणल्यावर मी उत्साहाने सगळ्या घासूनपुसून लख्ख केल्या. दुसऱ्या दिवशी तो आला, एक फरशी उलटी केली आणि मटकन खाली बसला. घर पाडताना प्रत्येक फरशीच्या पाठीवर खडूने आकडा घालतात, म्हणजे नक्षी पुन्हा जुळते. ते सगळे आकडे मी मोरीत वाहून घालवले होते.

"आता हो?"

"आता एकेक जुळवत बसायचं. आठ दिवस तरी जातील."

"अरेरे!" मी म्हणाले. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या.

ते आठ दिवस मला एका जागी म्हणून बसवेना. पाणी दे, फरशी दे, उगाच खिडकी उघड.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" आई म्हणायची. तो खाली मान घालून हसायचा, आणि मी आणखीच सैरभैर व्हायचे.

सहाव्या दिवशी तो म्हणाला, "रविवारी चारच्या गाडीने परगावी निघतोय. दोन वर्षांचं काम मिळालंय."

"वा! छान," मी म्हणाले. आणि हातातली फरशी त्याच्यापुढे उलटीच धरली.

रविवारी आई मावशीकडे गेली होती. आठवडाभर नुसती मांडून जुळवलेली नक्षी आज सिमेंटवर बसत होती, आणि मी ओट्यावर बसून फरश्या देत होते. शेवटच्या ओळीसाठी तो माझ्या शेजारी ओट्यावर चढला, वाकून शेवटची फरशी ठोकली आणि... मान वर करून दाराकडे पाहिलं. दार पार त्या टोकाला. मधे सगळी ओली फरशी!

"बारा वर्षं हेच काम करतोय," तो पुटपुटला. "नेहमी आतून दाराकडे येतो. आज दाराकडून तुमच्याकडे आलो."

"मग आता?"

"संध्याकाळपर्यंत तरी पाय ठेवायचा नाही."

तीन वाजून गेले होते. खिडकीला गज. मी नुसती गप्प बसले असते, तरी त्याची गाडी चुकली असती. पण असं अडकवून ठेवलेलं माणूस मला नको होतं.

"तुडवत जा," मी म्हणाले. "नक्षी पुन्हा जुळवता येईल. गाडी चुकेल तुमची."

त्याने एक पाय खाली सोडला. माझा धीर सुटला.

"पण जाऊ नकोस ना... मला तू हवा आहेस. खड्ड्यात गेली फरशी!"

त्याने पाय वर घेतला. खिशातून मोबाईल काढला.

"साहेब, मी येत नाही. इथलं काम राहिलंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "साहेब विचारतायत, अजून किती दिवस?"

"फोन ठेव आधी," मी म्हणाले, आणि त्याचा सिमेंटने माखलेला हात घट्ट धरला.