आप्पापुढची सनई

शिवू, तो मोबाइल पालथा ठेव आधी. ऐकायचं तर नीट ऐका, न्हाईतर उठा.

होटगीच्या यल्लप्पा सनईवाल्याची गोष्ट हाय. माझा दोस्त. त्याला खोटं बोलायचं काय कारण न्हाई. मागल्या वैशाखात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, त्यानं नवी पेठेतनं एक बारका स्पीकर घेतला आन वळसंगला मल्लिनाथच्या घरी गेला. मल्लिनाथच्या पोरीची, अक्षताची, हळद होती. यल्लप्पाचं काम कसं, सनई तोंडाला लावायची, गाल फुगवायचे, बोटं नाचवायची, आन वाजायचं मोबाइलातलं. मी लई बोललो त्याला. म्हणायचा, "समोर ऐकतंय कोण? सगळ्यांचं ध्यान जेवणात. मी कशाला छाती फोडून घेऊ?" बापजाद्याची कला, आन हा गडी लाज कोळून प्यालेला.

रात्री साडेनऊला मांडवात बसला. स्पीकर पोत्याखाली लपवला. बायका हळदीत दंग. एक म्हातारा तेवढा समोर येऊन मांडी घालून बसला. धोतर, पटका, कपाळाला इभूत. डोळे मिटलेले.

पहिलं गाणं झालं. म्हातारा हलला न्हाई. कुणीतरी एवढं मन लावून ऐकतंय, तर यल्लप्पाला उलटा रागच आला की. दुसरं लावलं.

म्हातारा सरकला. अजून सरकला. सनईच्या तोंडाशी तळहात धरला. धरूनच बसला.

"हाताला वारं लागंना रे..."

यल्लप्पाचे गाल फुगलेले तसेच.

"छाती दुखती, अज्जा," कसाबसा बोलला. बोलायला सनई तोंडातनं काढली. सनई हातात... आन सूर चालूच.

म्हातारा हसला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यानं मान खाली घातली. चोरी यल्लप्पाची, आन मान म्हाताऱ्यानं खाली घातली. उठला. मांडवाच्या खांबापातूर गेला...

खांबापलीकडं कोण न्हाई.

यल्लप्पा रातभर जागा. शरमेनं अंगाची आग झालीती म्हणाला. भीती नंतर आली.

सकाळी मुहूर्ताआधी मल्लिनाथनं त्याला सोप्यात नेलं. भिंतीवर हार घातलेला फोटो. "आमच्या आप्पापुढं जरा वाजवा. नातीच्या लग्नाला सनई पायजेच म्हणायचे. वरीस झालं जाऊन."

धोतर. पटका. कपाळाला इभूत.

यल्लप्पानं स्पीकर आणला न्हाई. कैक दिवसांनी सनईत खरी फुंक घातली. सूर फाटला. पावण्यांची पोरं खिदळली. डोळ्यांतनं पाणी, पर गडी थांबला न्हाई. शेवटापातूर वाजवलं.

थांबला, तर फोटोच्या काचेवर वाफ धरलीती. तोंडाच्या जागी.

मल्लिनाथनं उपरण्यानं पुसली. परत पुसली. जाईना...

वाफ काचेच्या आतल्या बाजूनं होती.