निळी रेघ

बाइशी गावातले येन कुळातले लोक दर तीस वर्षांनी आपली वंशावळ नव्याने छापून घेतात, आणि छापायला दर खेपेला शूंच्याच घरातला माणूस येतो. मागच्या खेपेला बाप आला होता, या खेपेला शू मिंगताओ आला. छपाईच्या लाकडी अक्षर-खिळ्यांच्या बारा पेट्या त्याने पूर्वजमंदिराच्या दक्षिणेकडच्या पडवीत मांडल्या, कारण हिवाळ्याचं ऊन फक्त तिथेच पडतं. खिळे जुळवण्यात आणि छापण्यात दोन महिने गेले. उरल्या फक्त रेघा.

रेघा छापत नाहीत, हाताने ओढतात. बापाच्या नावापासून खाली मुलाच्या नावापर्यंत, पट्टी धरून, बारीक कुंचल्याने. पोटचं मूल असेल तर हिंगुळाची लाल, दत्तक असेल तर निळी. जन्मभर माणसं ज्यासाठी रडतात, भांडतात, ते शेवटी दोन बोटांच्या रेघेत मावतं, याची शूला मोठी गंमत वाटे. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. दमट हवेत शाई फुटते, एवढंच काय ते गूढ त्याला ठाऊक होतं.

या खेपेला लेकींची नावंही घालायची, असं कुळाने पहिल्यांदाच ठरवलं होतं. म्हणून बुरूडकाम करणारा म्हातारा येन शौतियान काठी टेकत आला. बरोबर त्याची मुलगी सुइलान. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ती चहा तोलायच्या शेडमध्ये टोपलीत सापडली होती.

"लेकी म्हणजे आपल्या लेकी," कुळप्रमुख बाओचेंग म्हणाला. "टोपलीतल्या नव्हेत."

"टोपली तरी माझ्याच हातची होती, काका," शौतियान म्हणाला. बाओचेंग त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान, पण एक पिढी वरचा, म्हणून काका.

पडवीतले सगळे हसले. म्हातारा हसला नाही. "निळी तर निळी ओढा. पण माझ्या नावाखाली कोरं सोडू नका. मेल्यावर बायकोला काय तोंड दाखवू? तिने जीव लावून वाढवलीय हिला."

बाओचेंग बराच वेळ संत्रं सोलत बसला. शेवटी म्हणाला, "ओढा निळी."

शूने सकाळी सुइलानचं नाव घालून पान नव्याने छापलं, निळी रेघ ओढली, ते उन्हात ठेवलं आणि शेवया खायला गेला. परत आला तेव्हा रेघ लाल होती.

रंगाची वाटी चुकली असणार, असं त्याने स्वतःला बजावलं. वय झालं की हात दगा देतात. त्याने ते पान पुन्हा छापलं, हिंगुळाची वाटी मुद्दाम स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि पुन्हा निळी रेघ ओढली. दुपारपर्यंत तीही लाल झाली. वंशावळीत आणखी सहा दत्तक मुलगे होते. त्यांच्या रेघा निळ्याच्या निळ्या होत्या. शाई एकच, कुंचला एकच.

तिसऱ्या वेळी त्याने बाओचेंगला शेजारी बसवून घेतलं. दोघांच्या डोळ्यांदेखत रेघेचं वरचं टोक, शौतियानच्या नावाजवळचं, आधी काळवंडलं, मग तांबूस झालं. भिंतीत ओल पसरावी तशी लाली हळूहळू खाली उतरली. शूने कागदाला हात लावला. हवेत हाडं गोठवणारा गारठा होता, आणि कागद कोमट लागत होता.

बाओचेंग ताडकन उठला. "म्हणजे पोर ह्याचीच! बायको घरात असताना! टोपली माझ्या हातची म्हणे. अरे, पोरही तुझंच की!"

गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो! संध्याकाळपर्यंत धुण्याच्या घाटावर बायका शौतियानच्या मेलेल्या बायकोची कीव करत होत्या. सुइलानने घरी जाऊन बापाला सरळ विचारलं. म्हाताऱ्याने नाही म्हणून मान हलवली आणि त्या दिवसापासून जेवण टाकलं. तीन दिवसांनी तिने त्याला बसमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. दोघांचं रक्त तपासायला दिलं.

आठवड्याने ती अहवाल घेऊन पडवीत आली. म्हातारा बाहेर अंगणात बाकावर टेकला. त्याच्याने उंबरा चढवेना. दुसऱ्या दिवशी पानं शिवायची होती, आणि एकदा शिवली की तीस वर्षं त्यांना कुणी हात लावत नाही.

बाओचेंगने अहवाल दोनदा वाचला. बाप-लेकीचं रक्ताचं नातं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"कागद म्हणतो नाही, रेघ म्हणते हो," तो चिडून म्हणाला. "मी ऐकू कुणाचं?"

"माझं ऐका, आजोबा," सुइलान म्हणाली. "लाल ठेवलीत तर लोक बाबांच्या तोंडावर थुंकतील. पुसलीत तर बाबा या हिवाळ्यात जातील. मला निळीच हवी. टोपलीतली तर टोपलीतली, पण त्यांची. द्या इकडे, मी ओढते."

वंशावळीला आजवर कुठल्या बाईने कुंचला लावला नव्हता. शूने बाओचेंगकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत राहिला. शूने ते पान चौथ्यांदा छापलं आणि कुंचला तिच्या हातात दिला.

तिला रीत ठाऊक नव्हती. कुंचला तिने आपल्या नावावर टेकवला आणि रेघ खालून वर, बापाच्या नावाकडे नेली. रेघ कधी खालून वर जात नाही. शूने तिला पट्टी सरळ धरून दिली. रेघ सरळ उमटली, आणि शूला तिचा अभिमान वाटला.

तिघं वाट पाहत बसली.

या वेळी लाली खालून उठली. सुइलानच्या नावापासून.

ती सावकाश वर चढली आणि शौतियानच्या नावाला भिडली.

पण थांबली नाही.

शेजारच्या पानावरची, शौतियानपासून त्याच्या बापापर्यंतची रेघ तीन आठवड्यांपूर्वीच वाळली होती. ती ओली होऊन चमकू लागली.

शूने आधीचं पान उलटलं. त्यावरची रेघही ओली.

त्याच्या आधीचं. तेही.

आता बाओचेंग स्वतः पानं उलटत होता. बोटं लाल झाली होती. आजा, पणजा, खापरपणजा. तेवीस पिढ्या. प्रत्येक रेघ नुकती ओढल्यासारखी ओली, प्रत्येक पान कोमट.

मग पहिलं पान आलं. त्यावर डोंगर ओलांडून आलेल्या मूळ पुरुषाचं एकट्याचं नाव. तो कुणाचा मुलगा, हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून आजवरच्या कुठल्याही वंशावळीत त्याच्या नावाच्या वर रेघ नव्हती.

आता होती. जेमतेम बोटभर. पुढे कोरा कागद.

आणि ती निळी होती. दत्तकाची.

"काका," अंगणातून शौतियानची हाक आली, "ठेवलीत का हो माझ्या पोरीची रेघ?"

बाओचेंगने हातातलं पान खाली ठेवलं. "ठेवली रे," तो म्हणाला. "लालच ठेवली. आणि डॉक्टरांचा कागद उद्या पानं शिवून झाली की पंगतीत मी स्वतः वाचणार आहे. कोण काय बोलतो ते बघतोच." मग पहिल्यांदाच त्याने सुइलानला नावाने हाक मारली. "सुइलान, जा, बापाला आत आण. गारठ्यात बसलाय."

ती धावत गेली. पडवीत दोघंच उरले. बाओचेंगने शूचं मनगट घट्ट धरलं आणि नजरेनेच पानाकडे खूण केली.

कोऱ्या कागदावर ती निळी रेघ अजून वर सरकत होती.